आठ बाजूंची शेकोटी

"मी बघतो" हे दोन शब्द घरात उच्चारायला मला बंदी आहे. बंदी तोंडीच आहे, पण माझ्या बायकोचं तोंडी म्हणजे कोर्टाच्या लेखीपेक्षा पक्कं. नळ गळत असो, दिवा लागत नसो, मी नुसता घसा खाकरला तरी ती म्हणते, "तुम्ही नका बघू."

ही बंदी लागू झाली त्याला कारण एक टेबल. आणि ते टेबल आलं, कारण त्या दिवशी मी नेमकं म्हणालो होतो, "मी बघतो."

झालं असं, की बायकोला पन्नासावं वर्ष लागणार होतं. मी तिला विचारलं, "काय हवं तुला?" (दरवर्षी विचारतो. दरवर्षी ती "काही नको" म्हणते आणि दरवर्षी मी ते खरं मानतो.) या वेळी मात्र ती एकदम म्हणाली, "मला माझे दोन्ही भाऊ एका जागी बसलेले बघायचेत. बाकी काही नको."

इथे माझी पंचाईत झाली. कारण तिचे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत याला तीन वर्षं झाली होती, आणि त्या प्रकरणात माझाही हात होता. हात म्हणण्यापेक्षा तोंड.

थोरले मुख्याध्यापक. उंच, ताठ, बूट वाजवत चालणारे. ते व्हरांड्यातून निघाले की सात वर्ग आपोआप गप्प होतात, आणि आमच्या घरात शिरले की मीसुद्धा. धाकटा बायकोपेक्षाही लहान. त्याचं टायरचं दुकान आहे. उंचीला बेताचा, वजनाला भरपूर, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही सगळे त्याला छोटू म्हणतात. तीन वर्षांपूर्वी दोघं आमच्याकडे जेवायला आले. आमचं जेवणाचं टेबल लांबट आहे आणि भिंतीला टेकवलेलं. थोरल्यांना यायला उशीर झाला, आणि उरलेली एकच खुर्ची होती भिंत आणि फ्रीजच्या मधल्या कोपऱ्यात. ते बिचारे अंग चोरून तिथे बसले. तेवढ्यात छोटू म्हणाला, "दादा, शाळेत तू पोरांना कोपऱ्यात उभं करतोस ना? आज तुझी पाळी!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. थोरले उठले, हात धुतले (न जेवताच), आणि निघून गेले. त्यानंतर दोघांत एक अक्षर नाही. एकमेकांच्या घरी जाणं नाही, फोन नाही. दोघांच्या बायका मात्र रोज तासभर एकमेकींशी बोलत, आणि नवऱ्यांची पावलं वाजली की "राँग नंबर" म्हणून ठेवून देत.

"लहानपणी आई मागच्या अंगणात घमेल्यात शेकोटी करायची," बायको म्हणाली. "आम्ही तिघं भोवती बसायचो. हात शेकत असायचे तेवढा वेळ कुणीच भांडायचं नाही. तसंच काहीतरी करू या. मागच्या फरशीवर."

तिचे डोळे भरून आले होते. बायकोचे डोळे भरून आले की मला काहीच सुचत नाही, म्हणून मी बोलून जातो.

"मी बघतो," मी म्हणालो.

तिच्या मनात घमेलंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. पण आमच्या कन्येनं लगेच फोन पुढे केला. "बाबा, हे बघा. शेकोटीचं टेबल मिळतं. मधे गॅसची ज्योत, भोवती ताटल्या ठेवायला कड. मस्त दिसतं. फक्त आकार ठरवा. गोल, चौकोनी, लांबट, अंड्यासारखं, काय हवं ते."

आकार! आता तुम्हाला माझा व्यवसाय सांगायला हवा. मी घरबांधणीचे नकाशे तपासणारा कारकून आहे. तेवीस वर्षं लोक माझ्या टेबलावर आपापली घरं पसरतात आणि मी त्यांवर पट्टी ठेवतो. भिंतीपासून भिंत किती, दोन घरांमध्ये मोकळी जागा किती, दार कुठे उघडतं, सगळं मला एका नजरेत कळतं. अर्थात वरून. आमच्याकडे सगळं वरून काढलेलं असतं. खाट म्हणजे चौकोन, झाड म्हणजे गोल. पुढच्या बाजूनं घर कसं दिसतं त्याचा कागद वेगळा, आणि तो तपासणारा कारकूनही वेगळा. तो शेजारच्या खोलीत बसतो. आमचं फारसं पटत नाही.

तर आकार ठरवायचा म्हटल्यावर माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. (तो ऑफिसात झोपतो आणि घरी जागा होतो, असं बायकोचं मत आहे.)

"गोल घ्या आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. "गोलाला कोपरा नसतो."

"इतकं सोपं नसतं ते," मी म्हणालो.

ऑफिसातून खडू आणला आणि मागच्या फरशीवर खऱ्या मापाचे आकार काढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चौकोन. त्याला चार कोपरे, म्हणजे थोरल्यांचा अपमान चार ठिकाणी. पुसला. दुसऱ्या दिवशी लांबट. त्याला दोन टोकं. टोकाची खुर्ची मानाची, आणि दोघांना दोन टोकांना बसवलं तर मधे सात फूट अंतर. "मग फोनच लावून द्या दोघांना," कन्या म्हणाली. पुसला. तिसऱ्या दिवशी अंडाकृती काढायला गेलो तर ते बटाट्यासारखं झालं आणि बायको कपडे वाळत घालता घालता त्यावरून चार वेळा हसली.

"अहो, गोल!"

"गोलात एक अडचण आहे," मी म्हणालो. "गोलात कुणाची हद्द कुठे संपते ते कळत नाही. छोटू कोपरं पसरून बसतो. त्याचं कोपर दादांच्या हद्दीत गेलं की पुन्हा भांडण. मी रोज बघतो ना ऑफिसात. सगळी भांडणं कुंपणाची असतात. ज्याची त्याची हद्द आखून दिली की माणूस शांत राहतो."

आणि चौथ्या दिवशी मला सुचलं. अष्टकोन! आठ बाजू, माणसं सहा, म्हणजे तीन जोडपी. (कन्येचा संध्याकाळी क्लास असतो.) प्रत्येकाला स्वतःची एक सरळ बाजू. उरलेल्या दोन बाजू मोकळ्या. दोन इमारतींमध्ये नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडावी लागते, तशीच दोन मेहुण्यांमध्ये. थोरले आणि छोटू शेजारी नाहीत, थेट समोरासमोरही नाहीत. थोडे तिरके. बघायचं असेल तर दिसतील, नसेल तर टाळता येईल. मी स्वतःवर इतका खूश झालो की खडू हातात घेऊन फरशीवर तसाच बसून राहिलो. उठताना कंबर धरली, तरी आनंद कमी झाला नाही.

"आठ बाजूंना कोपरे किती?" बायकोनं विचारलं.

"आठ," मी म्हणालो. "पण बोथट."

तिनं कपाळावर हात मारला.

रंगीत तालीमही घेतली. खडूच्या अष्टकोनाभोवती सहा खुर्च्या मांडल्या. छोटूच्या जागी मोठी उशी ठेवली, थोरल्यांच्या जागी इस्त्रीचं टेबल उभं केलं. ("मामा अगदी असाच बसतो," कन्या म्हणाली, आणि तिनं इस्त्रीच्या टेबलाला चष्मा लावला.) मी बसण्याचा आराखडा कागदावर काढला, खाली सही केली आणि 'मंजूर' असं लिहिलं. सकाळी पाहिलं तर त्याखाली बायकोच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'गोल घ्या.'

दुकानात गेलो. मांडून ठेवलेलं एकच टेबल होतं, आणि ते गोल होतं. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"अष्टकोनी आहे?"

"कॅटलॉगमध्ये आहे साहेब," विक्रेता म्हणाला आणि त्यानं पान उघडलं. पानावर आठ-दहा टेबलं होती, सगळी वरून काढलेली. बघताच जीव रमला. अगदी माझ्या ऑफिसातला कागद.

"हे."

"साहेब, हे जरा पार्टीवाल्यांचं आहे, म्हणजे लोक याच्याभोवती..."

"आठही बाजू सारख्या आहेत का, तेवढं सांगा."

"सारख्या आहेत, पण उंचीला हे..."

"अहो, उंचीचं काय घेऊन बसलात! टेबल टेबलाएवढंच असणार," मी म्हणालो. तो गप्प झाला. तेवीस वर्षं लोकांना गप्प बसवण्याचा सराव आहे मला.

टेबल आलं ते नेमकं वाढदिवसाच्या दिवशी, दुपारी चार वाजता. पाहुणे सहाला यायचे होते. दोन हमालांनी लाकडी पट्ट्यांचं खोकं फोडलं आणि टेबल फरशीवर ठेवलं. मी गुडघ्यांवर बसून खडूच्या रेषा तपासत होतो. "अजून जरा डावीकडे. अर्धा इंच. बास!" आणि काय सांगू, रेषेवर रेष बसली. आठच्या आठ बाजू. एकाही बाजूत केसभरही फरक नाही.

मग मी उठलो.

उठून उभा राहिलो तरी टेबल माझ्या छातीला लागलं. आधी मला वाटलं, मी पुरता उठलो नाही. मी खाली पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते.

"बाबा," कन्या म्हणाली, "हे उभं राहून ग्लास धरायचं टेबल आहे."

"बदलून मिळेल?" मी हमालांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फुटलेल्या खोक्याकडे पाहिलं, आणि ते निघून गेले.

बायको दारात उभी होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती एक खुर्ची आणली, टेबलाशी ठेवली आणि बसली. माझ्या बाजूनं तिचा फक्त अंबाडा दिसत होता.

"तीन वर्षांनी येतायत हो दोघं," अंबाडा हळू आवाजात म्हणाला. "फार मिनतवाऱ्या करून बोलावलंय मी."

मला त्या क्षणी फरशीनं गिळलं असतं तर मी तक्रार केली नसती. आपण इथे हद्दी आखत बसलो आणि हिला काय हवं होतं, तर एक संध्याकाळ. तीसुद्धा देता येऊ नये आपल्याला! मी उशा आणल्या, वह्यांचे गठ्ठे आणले, खुर्च्यांवर रचून पाहिले. एका गठ्ठ्यावर मीच बसून पाहिलं आणि मीच पडलो. सहा वाजले.

थोरले ठोक्याला हजर. छोटू वीस मिनिटांनी आला. दोघांत संभाषण सुरू झालं ते माझ्या बायकोमार्फत.

"त्याला सांग, माझ्या गाडीच्या मागे गाडी लावू नकोस म्हणावं."

"ताई, त्याला सांग, लावलेली नाही."

दोन्ही वहिन्या एकमेकींना पहिल्यांदाच भेटत असल्यासारख्या "कशा आहात?" करत होत्या. मी घाईघाईनं शेकोटी पेटवली. आराखड्याचा कागद टेबलावर पसरून ठेवला होता, तो ज्योतीबरोबर उचलला गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत 'मंजूर'सकट जळून गेला. त्यामुळे जो तो मिळेल तिथे बसला. छोटू हात धुऊन सगळ्यांत शेवटी आला. माझी सोडली तर एकच खुर्ची उरली होती, थोरल्यांच्या अगदी शेजारची.

तो बसला.

आता ते दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. थोरले उंच, म्हणून त्यांचं हनुवटीपासून वरचं डोकं टेबलावर ठेवल्यासारखं दिसत होतं. दोन्ही वहिन्या डोळ्यांपर्यंत. बायकोचा अंबाडा. छोटूच्या तर फक्त भुवया, आणि त्याही वर-खाली होत होत्या तेव्हाच. मधे ज्योत ढणढणत होती, त्यामुळे सगळ्यांची कपाळं घामेजली होती आणि खाली पाय गारठत होते. मी एकटा उभा होतो, कारण टेबल उभ्या माणसाचं होतं. मीच केक कापला, मीच ताटल्या ठेवल्या. ताटलीत काय आहे हे थोरले सोडले तर बसलेल्यांपैकी कुणालाही दिसत नव्हतं.

तेवढ्यात टेबलाच्या कडेवरून एक हात वर आला. जाडजूड, बोटांवर टायरचा काळा डाग. तो हात चाचपडत चाचपडत पुढे सरकला, डावीकडे वळला, थोरल्यांच्या ताटलीत शिरला, केकचा तुकडा घेतला आणि खाली नाहीसा झाला.

थोरल्यांच्या डोक्यानं हे सगळं पाहिलं. गेलं, मी मनात म्हणालो. संपलं. आता पुढची तीन वर्षं.

"छोट्या," थोरले म्हणाले. "तो माझा आहे."

सगळी डोकी थिजली.

खालून भरल्या तोंडाचा आवाज आला, "दादा, मला दिसत नाहीये रे."

थोरले म्हणाले, "मलाही तू दिसत नाहीयेस. कधीपासून."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि छोटू उभा राहिला. हनुवटीला क्रीम, डोळे लाल. (तो म्हणतो ज्योतीमुळे. म्हणू दे.) थोरल्यांनी त्याच्याकडे वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना धाकट्या भावाकडे वर पाहावं लागत होतं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"हे टेबल कोणी आणलं?" त्यांनी विचारलं.

सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली.

"तीन वर्षांपूर्वी मला एका कोपऱ्यात बसवलं होतं," थोरले कोपरे मोजत म्हणाले. "जावईबापूंनी आज आठ आणले."

"बोथट आहेत," मी म्हणालो.

छोटूला हसू आवरेना. तो टेबलाला धरून हसत सुटला आणि त्याच्या पाठोपाठ थोरले. ते हसताना मी कधी पाहिलेच नव्हते. आधी मला वाटलं, ठसका लागला.

"अरे छोट्या, या जावयाला पसंत कोणी केलं होतं?"

"तूच, दादा."

"मी? मी म्हणालो होतो, आणखी दोन स्थळं बघू."

"तू म्हणालास, मुलगा नकाशे तपासतो, डोकं जागेवर असणार!"

"डोकी टेबलावर आहेत," थोरल्या वहिनी म्हणाल्या, आणि मग जो गलका झाला त्यात दोन्ही वहिन्या एकमेकींच्या गळ्यात पडून "अगं काल फोनवर म्हणाले ना मी तुला" असं बोलून गेल्या आणि एकदम तोंडावर हात ठेवून गप्प बसल्या. नवऱ्यांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

बायको हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, दोन्ही एकाच वेळी.

"पाय गारठले," छोटू म्हणाला. "ताई, आईचं घमेलं कुठंय गं?"

घमेलं घरातच होतं. बायकोनं त्यात फुलझाड लावलं होतं. थोरल्यांनी बाह्या दुमडल्या, झाड मातीसकट अलगद काढून बादलीत ठेवलं, आणि घमेलं फरशीवर मांडलं. छोटूनं टेबलाच्या खोक्याच्या लाकडी पट्ट्या गुडघ्यावर मोडून आणल्या. शेकोटी पेटली. तिघं भावंडं खुर्च्या सोडून खाली फरशीवर बसली आणि हात पुढे केले. छोटूचं कोपर पुरतं थोरल्यांच्या हद्दीत होतं. थोरल्यांनी ते हलवलं नाही.

मी टेबलाशी उभा होतो. सगळ्यांना पाणी हवं, केक हवा, चहा हवा. टेबलाशी उंचीनं जुळणारा मी एकटाच, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. बायकोला चहा द्यायला वाकलो तेव्हा तिनं घमेल्याकडे बोट दाखवलं आणि माझ्या कानात एकच शब्द म्हटला.

"गोल."

आता दर रविवारी थोरल्यांचा छोटूला फोन असतो. मला सुरुवातीला फार अभिमान वाटला. तीन वर्षांची अढी कुणी सोडवली? मी एकदा बायकोला विचारलंही, "काय बोलतात गं दोघं एवढं?"

"तुमच्याबद्दल," ती म्हणाली.

आणि ते खरं आहे. टायर आणि शाळा यांत बोलण्यासारखं फार काही नसतं. पाच मिनिटांत विषय संपतो. मग थोरले विचारतात, "बरं, जावईबापूंनी या आठवड्यात काय केलं?" आणि तिथून अर्धा तास. मी कुकरची शिट्टी कपाटात ठेवली त्या आठवड्यात तर दोघं एकमेकांच्या घरी जाऊन आले.

काल शनिवार होता. संध्याकाळी बायको काळजीत दिसली. नुसती येरझारा घालत होती.

"काय झालं?"

"अहो, उद्या रविवार," ती म्हणाली. "आणि या आठवड्यात तुम्ही काहीच केलं नाहीत. दोघं बोलतील काय?"

मला वाईट वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्या टेबलासाठी उंच स्टुलं मागवली आहेत मी," मी म्हणालो. "सहा. उद्या सकाळी येतील. या वेळी उंची स्वतः तीनदा मोजली आहे."

तिच्या चेहऱ्यावरची काळजी एका क्षणात गेली.

"मग काही प्रश्न नाही," ती म्हणाली, आणि तिनं दादाला फोन लावला.